पाच पुंकेसर की दहा

डोळ्यांच्या पडद्याचा आजार झाल्यापासून ताईला समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. जिथे नजर रोखावी नेमका तिथेच धूसर डाग येतो. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं. मी मिहानमधल्या एका कंपनीत हिशेब पाहतो. गुलाब आणि जास्वंद यांच्यापलीकडे माझी मजल नाही. तरी यंदाच्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी मी नंदनवन भागातल्या तिच्या घराच्या गच्चीवर उकिडवा बसून गोखरूच्या फुलात डोकं घालत होतो.

डोळे बिघडायच्या आधी ती जुन्या सहकाऱ्यांबरोबर जैसलमेरला गेली होती. तिथल्या वाळूत दोन गोखरू शेजारी शेजारी पसरलेले असतात. एक आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतो तोच, चपलेत काटा घुसवणारा. दुसरा खास वाळवंटातला. दोघांची पानं सारखी, फुलं इवली, पिवळी, पाच पाकळ्यांची. ताईनं मला समजावलेला फरक असा: आपल्याकडच्याच्या फुलात दहा पुंकेसर, वाळवंटातल्यात पाच, आणि पिकल्यावर आपल्याकडच्याच्या फळाला काटे येतात, तर वाळवंटातल्याच्या फळाला पंखांसारखे पापुद्रे. दोन्हींची फळं तिनं रुमालात बांधून आणली आणि मुरमात वाळू मिसळून कुंड्यांमध्ये लावली. कुंड्यांवर चिकटपट्ट्या लावून नावं लिहिली.

रोपं पसरू लागली आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम निघालं. कामावरच्या माणसांनी कुंड्या जिन्यात नेल्या, घासून-पुसून परत आणल्या, आणि जागा दिसेल तिथे मांडल्या. कुंड्या इतक्या स्वच्छ कधीच नव्हत्या. एकाही कुंडीवर पट्टी उरली नव्हती.

ताई चिडली नाही. "फुलावरून ओळखू," म्हणाली. "तू पाह्य अन् मले सांग."

मला वाटलं, पाच आणि दहा यांत चुकण्यासारखं आहे काय?

पहिल्याच फुलात मला सात दिसले.

"सात नसतात," ताई म्हणाली.

"मले सातच दिसून राहिले."

"गळले असतील. ताजं फूल घे दुसरं."

दुसरं ताजं होतं, पण भिंग जवळ नेलं की माझ्याच हाताची सावली त्यावर पडायची. सावली टाळली तर वारा यायचा. चिमट्यानं धरलं तर पाकळ्या गळून पडायच्या. ऊन चढलं की उरलेली फुलंही मिटायची, आणि पुढच्या रविवारपर्यंत गोष्ट तिथेच. पाठ भरून यायची, घाम भिंगावर टपकायचा. ताई मागे खुर्चीवर ताठ बसलेली असायची, जणू माझी तोंडी परीक्षा चालू आहे.

"यात दहा असतील," मी एकदा कंटाळून म्हणालो.

"असतील काहून? आहेत का?"

"ताई, एवढंसं फूल आहे गं."

"फूल एवढंसंच असते. तुले काय दिसते ते सांग. काय असायले पाहिजे ते मले माहीत आहे."

मग मी मोबाइलवर फोटो काढला आणि खालच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. पडदाभर पिवळं फूल. पुंकेसर जरा हलल्यासारखे आले होते, पण मला वाटलं, एवढ्या मोठ्या चित्रात तिला काहीतरी सापडेल. ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली. मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. डोळ्याच्या कोपऱ्यात फूल पकडायला पाहत होती. सापडल्यासारखं वाटलं की नजर आपोआप सरळ व्हायची आणि फूल पुसलं जायचं. पुन्हा मान वळवायची. मला ते बघवेना.

"जाऊ दे ना ताई," मी म्हणालो. माझा आवाज चढलाच. "रस्त्यावर ढीगभर उगवून राहिले गोखरू. हा कोणता अन् तो कोणता, कोणाले काय फरक पडते?"

ती वळली. नजर माझ्या कानापाशी होती, म्हणजे ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मले पडते," ती म्हणाली. "मी जन्मभर हेच केलं. आता ते तुह्या तोंडून ऐका लागते, अन् तू अंदाज सांगते. मले काय वाटत असंल?"

टीव्ही बंद करून मी जेवायचीही वाट न पाहता निघालो. सक्करदऱ्याच्या सिग्नलवर मागच्याचा हॉर्न ऐकू येईपर्यंत सिग्नल सुटल्याचं कळलं नाही. राग तिचा आला होता की त्या फुलाचा, मला सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. तिनं भिंग पुढे केलं. एव्हाना काही कुंड्यांत फळं धरली होती. कोवळी असताना तीही सारखीच, हिरवी आणि लवदार. ताईनं बोटानं चाचपून पाहिली आणि मान हलवली. मेच्या उन्हात ती पिकली, तेव्हा कुठे काटे आणि पापुद्रे वेगळे कळले. वाळवंटातल्याच्या दोन कुंड्या निघाल्या, आपल्याकडच्याच्या तीन. मी नव्या पट्ट्या लावल्या. ताई हसली, आणि लगेच म्हणाली, "अन् राहिलेली?"

राहिलेल्या कुंडीतलं रोप फुलं देऊन देऊन फळ न धरताच करपलं होतं.

"हिशेबानं हीसुद्धा वाळवंटातलीच," मी म्हणालो. "तू दोन्हींच्या तीन-तीन कुंड्या लावल्या होत्या."

"एका कुंडीत दोन्हींची फळं पडली असतील तर? फळ पाह्यलं का तू?"

"नाही."

"फूल मोजलं?"

"मोजलं. एकदा सहा, एकदा आठ."

"मग नको लिहू."

मी बराच वेळ हुज्जत घातली. इतके रविवार घालवून एक पट्टी कोरी ठेवायची, हे मला पटत नव्हतं; खरं सांगायचं तर अजूनही पटलेलं नाही. पण तिनं माझ्या हातातलं पेन मागून घेतलं, टोपण लावलं आणि खिशात टाकलं. ती कोरी पट्टी मीच कुंडीवर चिकटवली, जरा जोरातच.