घडीच्या टेबलाचा कौल

"मालक म्हणू नका मला."

"मग काय म्हणू? किल्ली तुमच्या खिशात, पाटीवर नाव तुमचं."

"पाटी कालच उतरवली."

"पाटी उतरवली की मालकी उतरते होय? माझी घडीची पट्टी द्या, मी निघते."

"पट्टी कुठे पळून जात नाही. बसा तरी, ताई."

"बसायला आलेच नाहीये."

ताई उभीच राहिली. पुस्तकबांधणीत जन्म गेलेली बाई. खोली परवा रिकामी होणार असं कळलं म्हणून सतरा वर्षांनी हा जिना चढली होती. टेबलापलीकडे प्रकाशक, म्हणजे भाऊ. निदान एके काळी सगळे त्यांना भाऊ म्हणत. आता हाक मारायला कुणी उरलं नव्हतं.

प्रकाशन उभं राहिलं ते याच टेबलावर. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एवढीशी खोली. कष्टकऱ्यांच्या हातात जातील अशी पुस्तकं काढायची म्हणून भाऊंनी शाळेतली नोकरी सोडली होती. पहिली दोन पुस्तकं बांधून झाल्यावर ताई म्हणाली, "भाऊ, ही पुस्तकं नाहीत. भाषणाला पुठ्ठा लावलाय." दुसरा कुणी असता तर रागावला असता. भाऊंनी त्यातून रीतच पाडली.

ताई आणि तिच्या तिघी जोडीदारणी टेबलाशी बसून फर्म्यांच्या, म्हणजे छापलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालून पट्टीने दाबायच्या, आणि भाऊ नवं हस्तलिखित मोठ्यांदा वाचायचे. वाचता वाचता नजर बायकांच्या हातांवर. ऐकताना हात थांबले तर पान पास. हात आपले चालूच राहिले तर पान लेखकाकडे परत.

"माझी परीक्षा घड्या घालणाऱ्या घेणार?" एका प्राध्यापकांनी विचारलं होतं.

"सोपी असते," ताई म्हणाली. "आम्हाला काम विसरायला लावायचं, बस."

गटार सफाई करणाऱ्याची रोजनिशी, परिचारिकांच्या संपाची हकीकत... कारखान्यांच्या फाटकांवर पाळी सुटताना ही पुस्तकं हातोहात जायची. वर्षाला दहा-बारा पुस्तकं निघू लागली. शेजारची खोलीही घेतली. जिन्यात लेखक रांगेने बसायचे आणि खाली येणाऱ्याला विचारायचे, "थांबले का हात?"

मग कामगार संघटनेचे एक ज्येष्ठ विचारवंत नऊशे पानं घेऊन आले. त्यांची व्याख्यानं ऐकून भाऊ या वाटेला लागले होते. वाचन तीन दिवस चाललं. त्या तीन दिवसांत महिन्याभराच्या घड्या उरकल्या.

"छापायचं," भाऊ म्हणाले.

"भाऊ, हात एकदाही थांबले नाहीत."

विचारवंत समोरच बसलेले. भाऊंचे कान लाल झाले. "तुमचं काम घड्या घालायचं आहे," ते म्हणाले. "मत द्यायचं नाही."

ताईने हातातली पट्टी टेबलावर ठेवली. "बरं, मालक," म्हणाली आणि गेली. आठवड्याभरात तिघीही गेल्या. पुढे अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून पुस्तकं जाड होत गेली. फाटकावर लोक हात पुढे करेनात. मग लेखक पांगले, संघटनेतलेही येईनासे झाले.

"एक लिहिलंय," भाऊ आता म्हणाले. "माझंच. शेवटचं. तुम्ही ऐकल्याशिवाय कसं छापू?"

"छापणारे तुम्ही. आम्ही कोण?"

"पाच पानं. मग पट्टी घेऊन जा."

भाऊंनी खणातून पट्टी काढून टेबलावर ठेवली. पूर्वी वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली, ताईच्या अंगठ्याची खोलगट जागा अजून तशीच. ताई बसली. कोपऱ्यातला एक फर्मा तिने पुढ्यात ओढला आणि वरची ओळ वाचली.

"हे नऊशे पानी अजून खपलं नाही?"

"नाही."

भाऊ वाचू लागले. चळवळीची ऐतिहासिक मर्यादा, सामूहिक आत्मपरीक्षण. घडी, पट्टी, घडी, पट्टी.

"चार पानं झाली, मालक. माफी अजून जिन्यातच अडकलीय."

भाऊंनी घसा खाकरला आणि पाचवं पान घेतलं. त्यात मोठं काही नव्हतं. ताई गेल्यानंतरही नवं हस्तलिखित आलं की भाऊ याच टेबलाशी बसून मोठ्यांदा वाचत. चारही स्टुलं जागच्या जागी मांडलेली असत. मधूनच थांबून समोर बघत. एकदा टपाल घेऊन आलेल्या बाईंनी विचारलं, "कुणाला वाचून दाखवताय?" तेव्हा ते म्हणाले होते, "बायका येतीलच एवढ्यात." त्यानंतर ते दार लावून वाचू लागले.

खोलीत पट्टीचा आवाज येत नव्हता.

भाऊंनी वर पाहिलं. अर्धी घडी पडलेला कागद ताईच्या हाताखाली होता आणि हात त्यावर नुसते टेकलेले होते.

"ठेवू हे पान?" त्यांनी विचारलं.

ताईने घडी पूर्ण केली. कडेवरून पट्टी फिरवली, फर्मा चळतीवर ठेवला, पट्टी पिशवीत टाकली. दाराशी जाऊन चपला घातल्या.

"ताई, जाताना काहीतरी म्हणा. मालक म्हणा हवं तर."

ती जिना उतरू लागली.