केसरबाईंनी वाचलेली अकरा पानं

शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यात केसरबाई बैसाणे एकोणीस वर्षं आशा सेविका म्हणून काम करत होत्या. अडलेल्या बाईबरोबर रुग्णवाहिकेत बसायचं, लेकरांना लसीला आणायचं, कुटुंबनियोजनाच्या शिबिराला बायका तयार करायच्या. समोरची बाई कचरली की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "काही व्हत नही, बाय." ते वाक्य त्या इतक्या वेळा बोलल्या होत्या, की ते खरं आहे का, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही.

पोळ्यानंतर त्यांची भाकरी छातीच्या मधोमध अडकायला लागली. त्यांनी ती दुधात कुस्करून खाल्ली आणि कोणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर त्यांनी हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र दोन महिने नुसत्या वरणाच्या पाण्यावर काढले. शेवटी मुलगा धम्मपाल त्यांना धुळ्याला घेऊन गेला. दुर्बिणीची तपासणी झाली आणि डॉक्टरांनी धम्मपालला एकट्याला आत बोलावलं. केसरबाई बाहेर बाकावर बसल्या. ज्याला बाहेर बसवतात त्याचाच आजार मोठा असतो, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. ऑपरेशन होण्यासारखं होतं, पण आधी गाठ लहान करायला हवी होती. त्यासाठी जळगावच्या एका रुग्णालयात गेल्यावर तिथं हर्षिता नावाची मुलगी भेटली. औषधोपचारांची एक चाचणी तिथं चालू होती आणि रुग्णांशी बोलण्याचं काम तिच्याकडे होतं.

"मावशी, दोन गट आहेत," ती म्हणाली. "एकाला ऑपरेशनच्या आधी फक्त केमो. दुसऱ्याला केमो आणि त्याबरोबर शेक, म्हणजे रेडिएशन. दोन्ही उपचार डॉक्टर आजही देतात. त्यातला जास्त चांगला कोणता, ते शोधायचंय."

"म्हणजे माझ्यावर प्रयोग."

"अभ्यास आहे, आणि तुम्ही त्यात असाल. हो."

"मला काय द्यायचं ते कोण ठरवणार?"

"कॉम्प्युटर. मी नाही आणि डॉक्टरही नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार मिळतीलच. मध्येच सोडलं तरी कोणी अडवणार नाही."

माहितीपत्रक अकरा पानांचं होतं. केसरबाईंनी ते घरी आणलं आणि ओसरीवर बसून बोट ठेवून वाचलं. सातव्या पानावर त्रासांची यादी होती. उलट्या, जंतुसंसर्ग, अन्ननलिका भाजल्यासारखी होणं, आणि सगळ्यात खाली, क्वचित मृत्यू. शिबिराचे कागद बायकांपुढे धरून त्या नेहमी फक्त सहीची जागा दाखवत. कागदावर काय लिहिलंय ते त्यांनी एकीलाही वाचून दाखवलं नव्हतं.

तरी त्यांनी सही केली. चाचणीत राहिलं तर दर आठवड्याला कोणीतरी फोन करून चौकशी करणार होतं. एवढं भय एकटीनं बाळगणं त्यांना जमणार नव्हतं. कारण विचाराल तर एवढंच.

त्यांच्या नावापुढे केमो आणि शेक आला. त्याच दिवशी फैजपूरच्या नवल कोळींचंही नाव निघालं. केळीच्या गाड्या भरणारा हा रुंद खांद्यांचा माणूस होता. त्यांना नुसता केमो मिळाला. "अक्का, तुम्हाला शेकाचं लायटीचं मशीन बी फुकट," ते म्हणाले. दोघंही हसले, पण नजर कोणी वर केली नाही.

शेक आठवड्यातून पाच दिवस असायचा. केसरबाई रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेत राहायच्या आणि शुक्रवारी रेल्वेनं घरी यायच्या. शेक नेमका कुठे द्यायचा त्यासाठी छातीवर शाईच्या खुणा केल्या होत्या. त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून अंघोळ करतानाही त्या धास्तावलेल्या असत. त्यांना टेबलावर झोपवून सगळे बाहेर जात आणि जाड दार लागे. कसलाच त्रास होत नसे. दुखलं असतं तर निदान काय चाललंय ते कळलं असतं, असं त्यांना वाटे.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याचा घोटही निखाऱ्यासारखा उतरू लागला. डॉक्टरांच्या कानावर त्यांनी ते घातलं. पण गाठ वाढली, कॉम्प्युटरनं आपल्याला चुकीच्या बाजूला टाकलं, हे त्यांच्या मनानं पक्कं केलं. त्या शुक्रवारी घरी आल्या आणि सोमवारी गेल्याच नाहीत. दुपारी हर्षिताचा फोन आला.

"मावशी, तुम्हाला थांबायचं असेल तर थांबा. पण मला कारण कळू द्या."

"माले भेव वाटस," केसरबाई म्हणाल्या. "ताई, मी यातून बरी होईन का? खोटं सांगू नका. खोटा धीर कसा देतात ते मला येतं. मी तोच दिलाय लोकांना."

हर्षिता म्हणाली, "मला माहीत नाही. गिळताना जळतंय ते शेकामुळे, असं डॉक्टरांना वाटतं. गाठ किती लहान झाली ते स्कॅनशिवाय कळणार नाही. मलाही तुमची काळजी वाटते."

धीराचा एक शब्द नव्हता त्यात. तरी केसरबाईंना जरा मोकळं वाटलं.

संध्याकाळी त्या गल्लीतल्या सपनाकडे गेल्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच सपनाला शिबिराला नेलं होतं. टाक्यांत पू झाला आणि ती महिनाभर तापात होती. त्यानंतर दोघी रस्त्यात भेटल्या तर बोलत, पण केसरबाईंनी तिच्या घराची पायरी चढायचं टाळलं होतं.

"तुला मी खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस का?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

सपनानं त्यांना बसायला गोधडी दिली. "आलीच असती अक्का. मला तिसरं लेकरू नको होतं. पण ताप आला त्याच दिवशी तुझ्याकडे धावत आली असती. माले वाटनं, हाई बठ्ठासले व्हस. सगळ्याच बायकांना होतं म्हणून आठ दिवस अंगावर काढला."

केसरबाईंना माफी मागायची होती, पण घसा जळत होता म्हणून त्यांनी आधी काही गार प्यायला मागितलं. सपनानं वाटीत गार ताक आणून दिलं. अर्धी वाटी संपायला बराच वेळ लागला. तोवर ती शेजारी बसून राहिली.

बुधवारी त्या जळगावला परतल्या. चुकलेले दोन शेक शेवटी देऊ, असं डॉक्टर म्हणाले. पुढच्या आठवड्यात धर्मशाळेत अंगात कणकण आली. ताप नव्व्याण्णवच्या जरा वर होता. पूर्वीच्या केसरबाई पांघरूण घेऊन पडल्या असत्या. या केसरबाईंनी हर्षिताला फोन लावला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या होत्या आणि दुपारपर्यंत ताप एकशे दोनवर पोचला. पाच दिवस सलाइन चाललं. त्या आठवड्याचा केमो रद्द झाला. एक दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर धम्मपालला म्हणाले. या वेळी मात्र ते केसरबाईंसमोरच बोलले.

शेक संपल्यावर सात आठवड्यांनी ऑपरेशन झालं. काढलेल्या भागाच्या अहवालात थोड्याच कॅन्सरपेशी उरलेल्या होत्या, आणि कापलेल्या कडांवर एकही नव्हती. धम्मपाल जिन्यात बसून रडला. केसरबाई रडल्या नाहीत. त्यांनी नवलभाऊंचं विचारलं.

नवलभाऊंचं ऑपरेशन झालंच नव्हतं. स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले होते. तीन महिन्यांनी ते गेले. केसरबाईंनी हर्षिताला विचारलं, "नावं उलटी निघाली असती तर?"

"तसं म्हणता येत नाही मावशी. त्यांच्या गटातले कितीतरी लोक चांगले आहेत, आणि तुमच्या गटातलेही काही गेले. दोन माणसांवरून काही ठरत नाही. सगळ्यांची मोजणी व्हायला अजून काही वर्षं लागतील."

हे त्यांना पटलं. पण डोळे मिटले की नवलभाऊंचे रुंद खांदे दिसतात, ते थांबलेलं नाही.

ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. जठर लहान झालंय आणि आडवं झालं की खाल्लेलं वर येतं, त्यामुळे दिवसातून सहा वेळा मूठभर खातात आणि उशांना टेकून बसूनच झोपतात. आशाचं काम अर्ध्या गावापुरतं परत घेतलंय. दर तीन महिन्यांनी जळगावला तपासणी असते. आदल्या दिवशी भीतीनं त्या फाइलीतले कागद पुन्हा पुन्हा मोजत बसतात. मागच्या खेपेला धम्मपालला सुट्टी मिळाली नाही. त्या एकट्याच स्टेशनवर गेल्या, तिकीट काढलं, आणि गाडी आल्यावर दांडी घट्ट धरून आत चढल्या.