उशाशी नाही, मनगटावर

कमलिनी देवतळे हातात घड्याळ बांधून झोपतात, याला त्यांच्या घरात आजवर कोणीही चांगलं म्हटलेलं नाही. सासूबाईंनी म्हटलं नाही, नवऱ्याने म्हटलं नाही, आणि मुलगा तर वाट्टेल ते म्हणतो. रक्त अडतं म्हणतो, नस दबते म्हणतो, झोपेत काच फुटेल म्हणतो. बाई सगळं शांतपणे ऐकतात, मान डोलावतात, आणि रात्री पट्टा एक भोक सैल करून खुशाल घड्याळासकट निजतात. पालथ्या घड्यावर पाणी घालून सगळे दमले, बाई काही दमल्या नाहीत.

बाई मूळच्या नागपूरच्या. नरहर देवतळ्यांशी लग्न करून भोपाळला आल्या त्या थेट पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. नरहर कारखान्यात क्रेन चालवायचे. वर्षभरात बाईंनीही अर्ज टाकला आणि वाइंडिंग शॉपमध्ये लागल्या. मोटारींच्या तांब्याच्या वेटोळ्यांवर टेप गुंडाळायची, हे काम. पहिला बोनस झाला तेव्हा शॉपमधल्या बाकीच्या जणींनी कुकर घेतले, साड्या घेतल्या. कमलिनीबाईंनी घड्याळ घेतलं, आणि तेही पुरुषी, मोठ्या तबकडीचं, ऑटोमॅटिक. दुकानदाराने आधी लेडीज घड्याळ पुढे केलं होतं, वालाच्या दाण्याएवढं. बाई म्हणाल्या, यात वेळ शोधायला भिंग कुठून आणू?

सासूबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काहून वं, कारखान्याचा भोंगा वाजते ना? अख्ख्या वस्तीले ऐकू येते. मंग घड्याळ कायले पायजे?"

"भोंगा कारखान्याचा आहे, आई. हे माझं आहे."

सासूबाईंना असल्या उत्तराची सवय नव्हती. पुढे झाली.

आता ऑटोमॅटिक घड्याळाची एक तऱ्हा असते. त्याला चावी द्यावी लागत नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं, त्यावर ते चालतं. हात पुरेसा मिळाला नाही की मागे पडतं आणि शेवटी थांबतं. बाईंचं घड्याळ पहिल्याच महिन्यात दोनतीनदा थांबलं. बाजारातल्या घड्याळवाल्याने ते उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बहनजी, घड़ी ठीक है. पहनोगी नहीं तो चलेगी कैसे?"

आणि घालायचं कधी? शॉपमध्ये फिरत्या मशीनजवळ घड्याळ, अंगठी, बांगडी काही चालत नसे. फोरमन भालचंद्र दाराशीच पत्र्याचा डबा घेऊन उभा असायचा. ज्याने त्याने हातातलं त्यात काढून ठेवायचं, मगच मशीनला हात लावायचा. पट्टा मशीनमध्ये सापडला तर घड्याळ परत मिळेल, हात मिळणार नाही, असं तो रोज सांगायचा. घरी आल्यावर कणीक, भांडी, धुणं, तिथेही घड्याळ काढायचं. दिवसभर बाईंचे हात एकतर कारखान्याचे असत नाहीतर घराचे. उरली फक्त रात्र. मग बाईंनी घड्याळ रात्री बांधायला सुरुवात केली. बाई कुशी बदलत, घड्याळ चालत राही.

सोपं नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात पट्टा काचला. मग बाईंनी तो एक भोक सैल केला, निजण्याआधी मनगट पुसून कोरडं करायला लागल्या आणि तबकडी आतल्या बाजूला फिरवून ठेवायला शिकल्या. ते शिकायच्या आधी एकदा ती तबकडी नरहररावांच्या नाकावर बसली होती. दुसऱ्या दिवशी ते सुजलं नाक घेऊन क्रेनवर गेले आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, "आमच्या पलंगावर तिघं झोपतात. मी, ही आणि हिचं घड्याळ." वस्तीभर हसू झालं. बाईंनी ते नाकावर टिच्चून सहन केलं. नाक अर्थात नवऱ्याचं.

आता नरहरराव नाहीत. अयोध्या नगरात दोघांनी बांधलेल्या घरात बाई एकट्या राहतात. मुलगा विजय आणि सून कांचन कोलार रोडला फ्लॅटमध्ये. शहराच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला मुलगा. गेल्या हिवाळ्यात बाईंना न्हाणीघरात चक्कर आली आणि तेव्हापासून विजयने एकच धोशा लावला, तू आमच्याकडे चल. मुलगा वाईट नाही. घाबरलेला आहे, आणि घाबरलेला माणूस हुकूम सोडायला लागतो.

एका दुपारी तो नवंकोरं घड्याळ घेऊन आला. काळी काच, रबरी पट्टा. नाडी मोजतं, झोप मोजतं आणि सगळं त्याच्या फोनवर पाठवतं, असं त्याने समजावलं.

"आई, हे हातातून काढायचं नाही. रात्री पण नाही. झोपताना तर बिलकुल नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. जे घर पन्नास वर्षं घड्याळ काढ म्हणून बोंबलत होतं, ते आज घाल म्हणत होतं.

"रक्त नाही का अडत याने?" त्यांनी विचारलं.

"आई, मस्करी नको. हे तरी घाल, नाहीतर सामान बांध आणि कोलार रोडला चल. मला टेन्शनमध्ये झोप येत नाही."

बाईंचं हसू तिथेच विरलं. हे घर सोडायचं नव्हतं त्यांना. कांचन चांगली होती, फ्लॅटही चांगला होता, पण तिथे त्या पाहुण्या असत. कधी उठायचं, कधी चहा टाकायचा, हे दुसऱ्याच्या तालावर. पुन्हा भोंगा तो भोंगाच. त्यांनी मुकाट्याने नवं घड्याळ उजव्या हातात बांधलं. जुनं डाव्या हातात होतंच.

दोनेक आठवडे बरे गेले. मग एका सकाळी बाईंनी लाल मिरचीचा ठेचा करायला काढला. मिक्सर पुढे ओढला, आणि बटणाला हात लावायच्या आधी सवयीने दोन्ही घड्याळं काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी फिरणाऱ्या यंत्राला घड्याळ घातलेला हात लावणं त्यांना जमत नाही. शिवणाचं मशीन असो की मिक्सर, भालचंद्राचा डबा अजून दाराशी उभा असतो. ठेचा झाला, मग हात धुवायचे, मग फोडणीचा लसूण सोलायचा राहिला होता, आणि फोन आतल्या खोलीत वाजून वाजून थकला.

तिकडे विजयच्या फोनवर आईची नाडी दिसेनाशी झाली होती.

तो कोलार रोडवरून अयोध्या नगरला कसा पोचला ते त्याचं त्यालाच ठाऊक. अंगात बनियन, एका पायात कांचनची चप्पल. दार उघडंच होतं. आई लसणाच्या पाकळ्या सोलत बसली होती आणि कठड्यावर दोन घड्याळं शेजारी शेजारी ऊन खात होती.

"घड्याळ का काढलं?" त्याने दारातूनच विचारलं.

"मशीन चालू होतं ना रे."

"मशीन?" त्याने मिक्सरकडे पाहिलं. तो मटकन खुर्चीत बसला आणि पुढची काही मिनिटं त्याने जे तोंड सोडलं त्यात बाईंना एकच कळलं, की आज सामान बांधायचं. बोलता बोलता त्याने आईचा हात धरला आणि एकदम थांबला. जिथे घड्याळ असतं तिथे कातडी लालभडक झाली होती, बारीक पुरळ आलं होतं.

"हे बघ. हे बघ काय झालंय. मी सांगत नव्हतो?"

हात दाखवून अवलक्षण झालं खरं. पुरळ बाईंना आठवडाभर दिसत होतं आणि त्यांनी ते मुद्दाम बाही ओढून झाकलं होतं.

विजयने त्यांना तसंच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी डावा हात पाहिला. मग म्हणाल्या, दुसरा दाखवा. उजव्या मनगटावरही तेच, रबरी पट्ट्याच्या मापाचं.

"घड़ी पहनके सोने से कोई मरता नहीं, अम्मा," त्या म्हणाल्या. "नस-वस भी नहीं दबती, पट्टा ढीला हो तो. पर अब चमड़ी नाज़ुक हो गई है आपकी. पसीना अंदर रहता है, हवा लगती नहीं. ठीक होने तक दोनों की छुट्टी."

"दोनों?" विजयने विचारलं.

"दोनों."

विजयचा मुद्दा सिद्ध झाला होता आणि त्याने आणलेलं घड्याळही हातचं गेलं होतं.

घरी परत आल्यावर बाईंनी जुनं घड्याळ ओट्यावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसल्या. विजयला आईचं बोलणं परवडायचं, हे गप्प बसणं नाही.

"आई, थांबलं तर थांबू दे. नंतर हलवलं की चालू होईल."

"तुझ्या वेळेला मला इस्पितळात ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "नर्सने हातातलं सगळं काढायला लावलं. मी तुझ्या बाबांच्या हातात घड्याळ दिलं. म्हटलं, आता बंद पडणार हे. जन्मभर टिंगल केली होती त्या माणसाने याची. मी घरी आले तेव्हा चालू होतं. क्रेनवरून उतरले की घालायचे, रात्री घालून झोपायचे. मला सांगितलंही नाही. मनगटावर पट्ट्याचा वळ दिसला तेव्हा कळलं."

विजयने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. वडील म्हटलं की त्याला नाकाचा विनोद तेवढा आठवायचा.

"तुला माझी काळजी आहे ना?" बाईंनी घड्याळ त्याच्यापुढे सरकवलं. "मग हे घालून झोप. माझा हात बरा होईपर्यंत. आणि दर रविवारी आणून दाखव. मी काही फोनवर बघणार नाही."

"आई, मला सवय नाही. झोप नाही लागणार."

"लागेल. एक भोक सैल ठेव. आणि तबकडी आत फिरव, कांचनचं नाक आहे शेजारी."

सामान बांधायचा विषय त्या दिवशी निघाला नाही. विजय घड्याळ बांधून गेला.

पहिल्या रविवारी तो आला तेव्हा चिडलेला होता. रात्रभर टोचतं म्हणाला. बाईंनी घड्याळ कानाला लावलं, चालू होतं. त्यांनी त्याला ठेचा-भाकरी वाढली. दुसऱ्या रविवारी कांचनही आली, कारण हे काय खूळ आहे ते तिला बघायचं होतं. त्या दिवशी तिघं संध्याकाळपर्यंत बसले. त्याआधी विजय असा निवांत बसायला कधी आला होता, हे बाईंना आठवेना. फोनही तो रोज करायला लागला. आईची नाडी फोनवर दिसत नव्हती म्हणून आता आईशी बोलावं लागत होतं.

कातडी बरी झाली. डॉक्टरीणबाईंनी पट्टा कापडी घ्यायला सांगितला, रोज मनगट धुवायला सांगितलं आणि दिवसा थोडा वेळ हात मोकळा ठेवायला सांगितलं. बाईंनी तिन्ही मान्य केलं. स्वतःला पटलेलं मान्य करायला त्यांची कधीच ना नव्हती.

त्या रविवारी विजय आला तेव्हा बाईंनी हात पुढे केला. त्याने घड्याळ काढायला जरा वेळ लावला. त्याच्या मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ उठला होता.

"आणखी एक आठवडा राहू दे का माझ्याकडे?" त्याने विचारलं.

"नाही. माझं आहे ते."

बाईंनी नवा कापडी पट्टा चढवून घड्याळ बांधलं, एक भोक सैल. मग कपाटातून काळ्या काचेचं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं.

"हे घेऊन जा. आणि सामानही मी बांधणार नाही."

"मग तू बरी आहेस हे मला कळणार कसं, आई?"

बाईंनी डावा हात त्याच्या कानाला लावला. तो चाळिशी उलटलेला माणूस वाकून ऐकत राहिला.

"हे चालतंय तोवर समज, आई हलतेय," बाई म्हणाल्या. "पण ऐकायला इथे यावं लागतं."