बोली न लावता घेतलेलं घर

आमच्या शेजारचे सोनूकाका आणि काकी भिवपुरीजवळचं आपलं घर सोडून खालापूरला लेकीकडे निघाले, तेव्हा त्यांचा टेंपो मीच ठरवून दिला होता. त्यांना घराबाहेर काढणाराही मीच होतो. वाड्यात राहिलेल्यांना हे माहीत आहे. पण माझ्यासारखे रसायनीला, अंबरनाथला गेलेले काहीजण अजून समजतात, की मी ते घर लिलावातून वाचवलं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या बौद्धवाड्यातलं ते पहिलं विटांचं घर. काका पॉवर हाऊसवर कामाला होते, आणि वाड्यातला पहिला विजेचा दिवाही त्यांच्याच ओटीवर लागला. मॅट्रिकचा अभ्यास मी त्या दिव्याखाली केला. आमचं कुडाचं घर त्यांच्या मागच्या अंगाला होतं. पुस्तकं गोळा करून परत येताना मला वाटायचं, हे घर आपलं का नाही? ही इच्छा मी कधी कुणाला बोलून दाखवली नाही.

रसायनीला कारखान्यात नोकरी लागली. निघताना आई रडत होती. काका म्हणाले, "जा रं. हितं काय ठेवलंय? पन येत जा." कॉलनीत नळ होता, न्हाणीघर होतं, पण वाऱ्याबरोबर येणारा औषधांचा वास जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. शेजारी कोण राहतं ते शिफ्ट बदलली की कळायचं. महिन्याकाठी घरी आलो की माझी नजर आधी काकांच्या घरावर जायची, मग आमच्या.

काका त्यांच्या एका पुतण्याने पिठाच्या गिरणीसाठी काढलेल्या कर्जाला जामीन राहिले होते. गिरणी बंद पडली, पुतण्या परागंदा झाला, आणि कर्जतच्या एका पतपेढीने काकांचं घर लिलावाला काढलं. तेव्हा वाड्याची बैठक बसली. मीही होतो. वाड्यातल्या जाणत्या माणसांनी हिशोब मांडला, तो असा: बाहेरचा कुणी बौद्धवाड्यात घर घ्यायला यायचा नाही. ज्या गोष्टीने आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं, तीच या वेळी कामी येणार होती. आपल्यातल्या कुणी बोली लावली नाही तर लिलाव फुकट जाईल, आणि पतपेढीला काकांशी हप्ते बांधून घ्यावेच लागतील. सगळ्यांनी शब्द दिला. मीही दिला. भीती होती ती फक्त आतल्या माणसाची.

लिलावाला चार दिवस उरले असताना मी पतपेढीत गेलो. बोली लावणार नाही असा शब्द दिला होता. लिलावाआधीच किंमत देऊन घर घेणार नाही असं कुठे म्हटलं होतं? वाटेत मी स्वतःला हेच समजावत होतो. शिवाय दुसऱ्या कुणाच्या मनात आलं असलं तर? मी प्रॉव्हिडंट फंड काढला होता, बायकोचे दागिने मोडले होते. सेक्रेटरी म्हणाले, रक्कम पुरेशी आहे, पण लिलावाआधी व्यवहार करायचा तर मालकाची सही लागेल. त्यांनी शिपायाला काकांकडे पाठवलं.

काका नकार देतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटत होतं. दीड-दोन तास मी त्या बाकावर बसून होतो. उठून जाता आलं असतं.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. चेहरा उतरलेला होता. मला पाहिलं आणि तो एकदम सैल पडला. "तू हाईस व्हय? मला वाटलं कोन परका आला." मग सेक्रेटरींना म्हणाले, "आमचाच पोरगा हाय. रसायनीला असतो." मी घर त्यांच्यासाठीच सोडवतोय असं समजून ते बोलत होते, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. सेक्रेटरींनी कागद वाचून घ्या म्हणून सांगितलं. "त्याचं काय वाचू?" म्हणत काकांनी सही केली. मी टेबलाकडे बघत राहिलो.

पुढच्याच आठवड्यात काकांनी पुढची भिंत चुन्याने रंगवायला काढली. धाकटा भाऊ लग्नानंतर इथे राहील, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. हातातला बोळा त्यांनी बादलीत ठेवला. "म्हंजी आमी?" एवढंच विचारलं. मी टेंपोचं बोललो.

आई त्या घरात आली नाही. मी दोनदा न्यायला गेलो. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "त्या घरात मी पानी पिनार नाय." पाण्यासाठी जिने लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहून वाट बघितली होती, ती बाई हे बोलत होती. भावाचं लग्न झालं, पण त्याच्या ओटीवर वाड्यातलं कुणी येऊन बसत नसे. दोन वर्षांत तो कल्याणला निघून गेला. मी सुट्टीत जायचो, दार उघडायचो, झाडलोट करायचो आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचो. आपण आल्याचं कळल्यावर ज्या ओटीवर कुणी तरी येऊन बसतं, तेवढंच घर. बाकीच्या विटा.

यंदा खालापूरला गेलो. काकी गेल्याचंही मला उशिरा कळलं होतं. काका अंगणात बाजेवर बसले होते. दिसत कमी होतं, पण आवाज ओळखला. मी म्हणालो, घर परत तुमच्या नावावर करून देतो. त्यांनी हात हलवला. "एकला काय करू तिथं जाऊन?" मग म्हणाले, "लोकं तुला नावं ठेवतात. मी समद्यांना सांगतो, मी काय समजून सही केली ते पोराला ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाय."

एवढी वर्षं ते माझी बाजू घेऊन भांडत होते. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, जसा पतपेढीत बसलो होतो.

"ठाऊक होतं, काका," मी म्हणालो. "तुम्ही सही करत होता तेव्हाच मला ठाऊक होतं. माझं चुकलं. मला माफ करा."