राहीबाईंचा आवाज आणि भिंतीवरची फट

प्रार्थना देवाला ऐकू जाते की नाही यावर जगात मतभेद असतील. पण राहीबाई साळव्यांची प्रार्थना चाळीला ऐकू जाते, यावर बोईसरच्या त्या चाळीत सर्वांचं एकमत होतं. चाळ बेटेगावच्या रस्त्याला. सगळ्या खोल्यांवर एकच पत्रा, आणि मधल्या भिंती पत्र्याच्या हातभर खालीच थांबलेल्या. वरची फट हवेसाठी ठेवलीय, असं मालक सांगतो. विटा संपल्या, असं चाळ सांगते. त्या फटीतून सातपाटीच्या बोंबलांचा वास जायचा, मालिकांमधल्या सासवांचं रडणं जायचं, आणि दर गुरुवारी संध्याकाळी राहीबाई जायच्या.

राहीबाई जालन्याकडच्या. नवरा तारापूरच्या कारखान्यात लागला म्हणून इकडे आल्या. नवरा देवाघरी गेला, मुलगा नाशकात स्थिरावला, तरी त्या हलेनात. "मी गेले तर या लोकांसाठी मागणार कोण?" असं त्या म्हणत. गुरुवारी त्यांच्याकडे प्रार्थनासभा भरे. पालघरहून चर्चचे तरुण पाळक ज्ञानेश मोटारसायकलवर येत, पाड्यावरून नवसी येई, आणखी दोघे-तिघे असत. आधी गाणं, मग वचन, मग राहीबाई. राहीबाईंनंतर दुसऱ्या कुणाचा नंबर लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्यांची पद्धत पोस्टमनची होती. मागणं बरोबर दारात पोचलं पाहिजे म्हणून त्या पत्ता पुरा देत. "प्रभू, कोपऱ्यातल्या खोलीतला सुजित. तोच, पिवळ्या मोटारसायकलवाला. त्याची बाटली सुटू दे. मीटरच्या पेटीमागे ठेवलीय ती, तुला ठाऊकच आहे." देवाला ठाऊक होतं, सुजितच्या बायकोला त्या संध्याकाळी झालं. गुरुवारी चाळीत टीव्हीचा आवाज आपोआप बारीक होई. लोक कान द्यायचे, पण एकानेही कधी उंबऱ्याच्या आत पाय दिला नव्हता. राहीबाईंना एवढी एकच खंत होती.

म्हणून शेजारची वर्षाराणी साखरेची वाटी घेऊन आली आणि दारातच घुटमळली, तेव्हा राहीबाई हातातलं काम टाकून उठल्या.

"मावशी, तुमच्या देवाकडं एक मागाल का?"

"माग गं, माग!"

"आत्या शनिवारी येतायत सांगोल्याहून. कायमचं राहायचं म्हणतात. एवढ्याशा खोलीत कसं व्हायचं? ह्यांना कसं सांगू? त्यांचं मन गावातच रमू दे, एवढं सांगा."

आत्या म्हणजे तिची सासू, गजराबाई. राहीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाहेरच्या माणसानं आपणहून केलेली ही पहिली विनंती. ती किरकोळीत मागून कसं चालेल?

गुरुवारी त्यांनी पदर खोचला, डोळे मिटले आणि पत्रा थरथरला.

"प्रभू, शेजारच्या वर्षाराणीची सासू गजराबाई, राहणार सांगोला. तिचे पाय गावातच रोव! तिची गाडी चुकू दे. चुकली नाही तर जागा मिळू देऊ नको. आमेन."

"आमेन," मंडळी म्हणाली. मग फटीतून एक अनोळखी, भरदार आवाज आला.

"गाडी मिळाली. जागाबी मिळाली. खिडकीची."

गावच्या कुणाची तरी सोबत मिळाली म्हणून गजराबाई दोन दिवस आधीच आल्या होत्या आणि पलीकडे खाटेवर बसून बशीतून चहा पीत होत्या. "ऱ्हावं का जावं, मनात दोन हुतं," त्यांनी फटीकडे तोंड करून जाहीर केलं, "आता येकच हाय."

वर्षाराणीने राहीबाईंशी बोलणं टाकलं. साखरेची वाटी बंद झाली. गॅलरीत समोर आली तरी ती दोरीवरच्या टॉवेलकडे बघत जाई.

पाळकांनी समजावलं, "आई, खोलीत जाऊन, दार लावून मागावं, असं प्रभूनेच सांगितलंय ना?"

"दार लावतेच की मी, पाळकसाहेब! फट माझ्या हातात आहे का?"

नवसी भाकरीसारखं गरम बोलायची. "बाय, तुमी देवाला सांगता का चाळीला? देव बहिरा नाय."

पुढच्या गुरुवारी राहीबाईंनी मनातल्या मनात प्रार्थना केली. चेहरा शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा झाला, ओठ थरथरले, कपाळाला घाम आला. नवसीने घाबरून नाडी पाहिली. दुसऱ्या दिवशी सुजित दारात आला. "मावशी, बरं नाही का? काल काही ऐकूच आलं नाही. आम्ही टीव्हीसुद्धा लावला नव्हता."

तिथेच राहीबाईंना लागलं. आवाज बंद केल्यावर मागणं अर्ध्यावर संपलं होतं. म्हणजे उरलेलं अर्धं पलीकडच्या कानांसाठीच होतं. इतकी वर्षं त्या देवाला चाळीतल्या एकेकाची ओळख करून देत होत्या, आणि स्वतःचं नाव सांगायचंच राहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा फक्त स्वतःसाठी मागितलं. फार लांबलं नाही. उठून त्या थेट शेजारी गेल्या.

वर्षाराणीने पाठ फिरवली. गजराबाई खाटेवर बसल्या होत्या.

"माफ करा," राहीबाई म्हणाल्या. "तुम्हाला एकदाही न भेटता मी तुमच्याविषयी देवाशी बोलले."

गजराबाईंनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "पाय रोवा म्हनला हुता न्हवं? रोवलेतच. गुडघं वाकतच न्हाईत. बसा." मग सुनेला म्हणाल्या, "वर्षे, जा, बिस्किटं आण."

ती गेल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "सांगोल्यात दोन शेळ्या आन् मी. बोलायचं कुनाशी? म्हनून आले. पन सुनंला माजा वीट येऊ ने, येवढं मागा तुमच्या देवाकडं. मोठ्यानं म्हना, मला कमी ऐकू येतं."

"त्या दिवशी भिंतीपलीकडून बरं ऐकू आलं!"

"स्वतःचं नाव आलं की येतं."

दोघी हसल्या. राहीबाईंनी मात्र तोंड त्यांच्या कानाशी नेऊन प्रार्थना केली. जेमतेम दोन वाक्यं.

वर्षाराणीने त्यांना गॅलरीत गाठलं. राग विसरून, बिस्किटाचा पुडा छातीशी धरून तिने विचारलं, "मावशी, आत्यांनी काय मागितलं?"

राहीबाईंच्या जिभेपर्यंत सगळं आलं, अगदी शेळ्यांसकट. त्यांनी ते गिळलं. सुंठीच्या काढ्यापेक्षा अवघड गेलं.

"ते वर सांगितलंय. तुला हवं तर त्यांनाच विचार. जवळ बसून विचार."

त्या संध्याकाळी फटीतून आधी कुजबुज आली, मग नाक ओढल्याचा आवाज. राहीबाई उठल्या आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसल्या, चांगली आपटून आपटून, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

गुरुवारी सभा भरली, तर दारात गजराबाई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सून. "आमचा खंडोबा हाय," त्या उंबऱ्यावरच म्हणाल्या. "पर शेजारच्या देवाशीबी वळख असावी."

गाणं झालं, वचन झालं. सगळे राहीबाईंकडे बघू लागले. पलीकडून सुजित ओरडला, "मावशी, आवाज!"

"आज मी नाही," राहीबाई म्हणाल्या. "आज दुसरं कुणीतरी मागा."

मंडळींत कुणाला सवयच नव्हती. मग गजराबाईंनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि पत्रा थरथरला.

"देवा, ही राहीबाई. ऱ्हानार बोईसर, बेटेगावच्या रस्त्याला. मानूस लाखाचं हाय. जिभेला जरा लगाम घाल. लई नको, येकदम मुकी झाली तर चाळीला करमायचं न्हाई."

राहीबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. कानापर्यंत लाल झाल्या होत्या.

"आमेन," मंडळी म्हणाली. आणि फटीफटीतून, एकेका खोलीतून, सगळी चाळ म्हणाली, "आमेन!"