समाधानच्या वाटणीची डाळ

बर्फातल्या लष्करी पोस्टवर आम्ही दहा जण होतो. मुक्काम नव्वद दिवसांचा. साडेपाचला स्टोव्ह पेटायचा, सहाला हजेरी, साडेसहाला रेडिओ चेक. तिथे प्रत्येकाला एक बडी असतो. एकमेकांची बोटं थंडीनं काळी पडत नाहीत ना, झोप आणि जेवण नीट आहे ना, हे पाहायचं आणि हजेरीला सुभेदार साहेबांना रिपोर्ट द्यायचा. माझा बडी समाधान. तो येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातला, मी दिंडोरीचा.

समाधान शाकाहारी होता. आम्हाला डब्यातलं मटण आणि अंड्याची पावडर. त्याला जादा डाळ, चणे, दूध पावडर. जेवण झालं की सुभेदार साहेब थाळ्या बघायचे. "चावल छोड़ा तो पेट खराब. दाल छोड़ी तो मन खराब. मुझे तुरंत बताओ."

चाळिसाव्या दिवसानंतर समाधान थाळीत थोडी डाळ तशीच ठेवू लागला. आधी तो सगळ्यांच्या नकला करायचा. तेही बंद झालं.

"अंडं खाऊन बघ की लेका," मी म्हणालो. "तुझ्या डाळीत दम नाय."

"तुझ्या अंड्यात असता, तर तू जरा शहाणा झाला असता." ही त्याची शेवटची चेष्टा.

मग एका दुपारी त्यानं थाळी माझ्याकडं सरकवली. "एवढी संपव. साहेबांनी पाहिलं तर खाली पाठवतील. घरी काय सांगू, जेवलो नाय म्हणून परत आलो?"

मी संपवली. नंतर रोज संपवली. हजेरीला सांगायचो, "बडी ठीक है, साहब. पूरा खाया." असे अकरा दिवस. मला वाटायचं, मी त्याला सांभाळतोय.

बाराव्या दिवशी गस्त होती. सहा जण, एक दोर. सहा चाळीसला निघालो. सव्वाआठला थांबलो. लघवीला जातानाही दोराचा हूक काढायचा नाही, हे समाधाननंच मला शिकवलं होतं. त्यानं तो काढला आणि सुरक्षित वाटेच्या खुणेच्या झेंडीपलीकडं चार पावलं गेला. बर्फ खचलं.

मी रेडिओ सेट घेतला. "एक आदमी नीचे गया. ओव्हर."

"नाम?"

मी नाव सांगितलं.

"उसकी आवाज़ आ रही है?"

"नहीं, साहब."

अडीचला त्याचा देह वर काढला. त्या सहा तासांत थंडीनं माझ्या पायाची दोन बोटं गेली, आणि पुढं नोकरीही.

आता मी नाशिकला कॉलेजात पोषणशास्त्र शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळं वर्गात फारसा बोलत नाही. एकदा मॅडम म्हणाल्या, प्रोटीन किती आणि कशातून मिळतं, याचा मनःस्थितीशी संबंध दिसतो. मी भीत भीत हात वर केला. "आधी काय होतं, मॅडम? खाणं कमी होतं की मन उतरतं?"

"दोन्ही बाजूंनी होऊ शकतं. ठामपणे सांगता येत नाही."

मी ते वहीत लिहिलं. पण मला थाळी दिसली होती. साहेबांना सांगायला तेवढं पुरेसं होतं.

गेल्या महिन्यात येवल्याला गेलो. समाधानच्या आईनं जेवायला वाढलं आणि दर वेळचंच विचारलं, "नीट जेवायचा ना रे तो तिकडं?" दर वेळी मी हो म्हणायचो.

"नाय, काकी. शेवटचे अकरा दिवस त्याची डाळ मी खाल्ली. साहेबांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाय."

आतल्या खोलीत काका माग चालवत होते. माग थांबला.

"पहिल्या भरतीत नापास झाला, तवा बी वाटी तशीच ठेवायचा," काकी म्हणाल्या. "मला कळायचं. तुला बी कळलं होतं ना?"

"हो, काकी."

शिपाई समाधान, वय तेवीस. बडी ठीक नव्हता, साहेब. अकरा दिवस त्यानं डाळ खाल्ली नाही. हा माझा रिपोर्ट.