देवचाराची वाट

आमचं घर समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जमिनीवर आहे. आमच्या आणि शेजारच्या काकींच्या घरामधून एक सखल पट्टी समुद्राकडून खाडीपर्यंत जाते. तिथे कधी कोणी माड लावला नाही, लाकडं रचली नाहीत. गावाची राखण करणारा देवचार तिथून फेरी मारतो, असं मानतात. लहानपणी मी ती पट्टी पळत ओलांडायचे. शाळेत मात्र हे कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याच्या आराखड्यासाठी पाहणी झाली. पाणी कुठवर येतं, कुठे बांधू नये, पर्यटकांची सोय कुठे करता येईल, हे नोंदवायचं होतं. आमच्या वाडीचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे होतं. जागेसाठी तीनच पर्याय होते: रस्ता, नाला, रिकामी जागा. बाहेरून आलेल्या साहेबांसमोर देवचाराचं नाव घ्यायची मला लाज वाटली. मी ‘रिकामी जागा’वर खूण केली.

कागदावर जागा रिकामी, म्हणजे बांधायला मोकळी; बाबांनी तेवढंच धरलं. पुढच्या मे महिन्यापर्यंत पट्टीच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या उभ्या राहिल्या, आणि खाडीच्या बाजूला पट्टी अडवणारी चिऱ्यांची भिंत.

“थंय चिरे लावू नको रे,” भिंतीचं काम चालू असतानाच काकी पडवीतून म्हणाल्या होत्या. पाय गेल्यापासून त्या खाटेवरच असत. “तेची वाट आसा ती.”

“मगे तेका गेट ठेवतंय, काकी. बेल पण लावतंय.”

“बेल कित्याक? तो काय तुझो गिऱ्हाईक?”

बाबा हसले. मीही हसले.

श्रावणातल्या एका दुपारी उधाण आलं. लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. पाणी वाळूवरून आत आलं ते आवाज न करता, पट्टीच्या मधोमध, माणसाच्या चालीने. भिंतीपाशी थांबलं आणि चढू लागलं. मग काकींच्या अंगणात वळलं. त्यांचा कुत्रा पाण्याकडे बघत मागे मागे सरकत होता, भुंकत नव्हता.

“गो,” काकींनी आतून शांतपणे हाक मारली. “खाटेखाली कोण आसा गो?”

बाबांनी त्यांना उचलून आमच्या ओटीवर आणलं. “माझा घर,” एवढंच त्या म्हणाल्या. घर मातीच्या भिंतींचं. पाणी तासभर तुंबलं असतं तर उभं राहिलं नसतं.

बाबा भिंतीकडे बघत राहिले. ती फोडली तर लोंढा खोल्यांचा पाया घेऊन जाणार होता.

“ती जागा रिकामी नाय, बाबा,” मी म्हटलं. “मी खोटा लिवलंय.”

ते पहार घेऊन पाण्यात उतरले. तिसरा चिरा निघाला तशी भिंत खचली. बाबा आपोआप बाजूला झाले, मान खाली घालून, वडीलधारं कुणी दारातून जाताना होतात तसे. खोलीचा एक कोपरा गेला. काकींच्या पायऱ्या हळूहळू उघड्या पडल्या.

पाणी घोट्याखाली आलं तरी बाबा तिथून हलेनात. मी हाक मारली. त्यांनी न वळता हात वर केला.

“थांब. जाऊ दे तेका आधी.”